साडेतीन हातांचं अंतर

माणसाचा देह साडेतीन हातांचा, असं आपल्याकडे म्हणतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरून ज्याने त्याने स्वतःला मोजावं, बहुतेक जण साडेतीन हातांच्या आसपास भरतात. मीटरच्या पट्टीवर ते दीड मीटरहून थोडं जास्त होतं. सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना आपल्या गाडीत आणि त्याच्यात किती जागा सोडायची, याचं उत्तरही जवळपास तेवढंच आहे. कारण अगदी साधं आहे. खड्डा चुकवताना किंवा वाऱ्याच्या झोताने तो उजव्या अंगावर आडवा झाला, तर त्याचं डोकं जिथे टेकेल तिथे तुमचं चाक नसावं.

मी पुण्यात रोज सायकलने कामावर जातो, जाऊन-येऊन सतरा किलोमीटर. गावी जायचं असलं की कार काढतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची चिडचिड माझ्या ओळखीची आहे. स्टिअरिंगवर बसलं की पुढचा सायकलवाला कडेने का जात नाही असं वाटतं, आणि सायकलवर बसलं की मागच्याला एवढी कसली घाई असं वाटतं. 'एकमेकांचा आदर करा' हे वाक्य दोघांनाही पटतं. पण म्हणजे हातापायांनी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते रस्त्यावरचा आदर मोजता येतो. तो मीटरमध्ये असतो, ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि काही ठिकाणी दहा-पंधरा सेकंदांत असतो.

इतर काही देशांनी तो मोजून लिहूनच ठेवला आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात घातलं, की ताशी ३० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच्या वेगात सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा, आणि वेग जास्त असेल तर अंतरही वाढवा. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर ठरवले. आपल्याकडे वाहन चालवण्याबाबतची २०१७ ची केंद्रीय नियमावली आहे. पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची चालकाने विशेष काळजी घ्यावी, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. ही विशेष काळजी प्रत्यक्षात कशी घ्यायची, ते समजायला आधी सायकल कशी चालते हे नीट पाहावं लागतं.

सायकल डुलते का?

सायकल सरळ रेषेत चालते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती सतत डावीकडे नाहीतर उजवीकडे पडत असते. ज्या बाजूला पडेल त्या बाजूला चालवणारा हँडल किंचित वळवतो आणि तिला परत चाकांवर उभी करतो. हे इतकं नकळत होतं की आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. समुद्रकाठच्या किंवा नदीपात्रातल्या ओल्या वाळूवरून सायकल चालवा आणि उतरून मागचा माग बघा, नागमोडी रेघ दिसेल. वेगात असताना ही वळणं बारीक असतात, हळू जाताना मोठी होतात. म्हणूनच चढावर, सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या चार-पाच पायडलांत, आणि कॅरिअरवर सिलिंडर किंवा दुधाचे कॅन असताना सायकल जास्त डुलते. घाटात दमलेला माणूस पायडलवर उभा राहतो तेव्हा तर सायकल त्याच्या हाताखाली हेलकावे खाते. आणि नेमकं तिथेच मागचा ड्रायव्हर वैतागून घासून गाडी काढतो.

मग निदान एकदम कडेने तरी जावं की नाही? कडेला काय असतं ते सायकलवाल्यालाच माहीत असतं. चेंबरची वर आलेली किंवा खाली गेलेली झाकणं, गटाराच्या जाळ्या, पावसाळ्यानंतर वाहून आलेली खडी. सगळ्यात वाईट म्हणजे डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथली दोन-तीन इंचांची पायरी. एखाद्या गाडीने दाबलं म्हणून सायकल त्या पायरीवरून खाली उतरली, की परत वर चढताना पुढचं चाक पायरीला घासत राहतं आणि हँडल वळत नाही. हँडल वळलं नाही की तोल सावरता येत नाही. माणूस पडतो, तोही उजवीकडे, रस्त्यावर. म्हणून जाणता सायकलस्वार कडेपासून दोन-अडीच फूट आत चालतो. तो रस्ता अडवत नसतो, सावरायला जागा हाताशी ठेवत असतो.

आता थोडं गणित. रस्त्याचा एक पदर, म्हणजे एक लेन, साधारण साडेतीन मीटर रुंद असतो. सायकलस्वार कडेपासून अर्धा मीटर आत आहे असं अगदी कमीत कमी धरू. त्याच्या हँडलची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे १.१ मीटर झाले. त्यात सोडायचे दीड मीटर मिळवा, २.६ झाले. मध्यम आकाराची कार १.७ मीटर रुंद असते. बेरीज येते ४.३ मीटर. साडेतीन मीटरच्या पदरात ती बसत नाही, कितीही कौशल्याने स्टिअरिंग फिरवलं तरी. याचा अर्थ एकाच पदरात राहून सायकलवाल्याला सुरक्षित ओव्हरटेक करताच येत नाही. त्यासाठी शेजारच्या पदरात जावं लागतं, आणि समोरून गाडी येत असेल तर थांबावं लागतं.

थांबण्याची किंमत किती? ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलमागे शंभर मीटर गेलात तर २४ सेकंद लागतात. ताशी ४० ने ते अंतर ९ सेकंदांत कापलं असतं. गेले पंधरा सेकंद. पुढच्या सिग्नलला आपण याच्या कितीतरी पट वेळ उभे राहतो.

याच जागी हॉर्नबद्दलही सांगायला हवं. अगदी मागे येऊन जोरात हॉर्न दिला की सायकलवरचा माणूस दचकतो. दचकला की मान वळवतो, आणि मान ज्या बाजूला वळते त्या बाजूला हँडलही थोडं जातं. मागची गाडी उजव्या अंगाला असते, म्हणजे हॉर्न देऊन आपण त्याला आपल्याच गाडीकडे ओढून घेतो. द्यायचाच असेल तर लांबून, एकदा, हलका द्यावा.

तीस आणि पन्नास

वेगाचं गणित आपल्या अंदाजाला नेहमी फसवतं. तीस आणि पन्नासमध्ये फरक वीसचा, असं मन धरतं. पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० च्या तुलनेत ताशी ५० ला ती पावणेतीन पट होते.

थांबायला लागणारं अंतर बघा. समोर काही आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० वेगात त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पाच मीटर लागतात. एकूण तेरा-चौदा मीटर. ताशी ५० वेगात नुसत्या त्या एका सेकंदात चौदा मीटर जातात, आणि नंतर थांबायला आणखी चौदा. समजा गल्लीतून एक मुलगा सायकल घेऊन तुमच्यापुढे पंधरा मीटरवर आला. तिसाच्या वेगातली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. पन्नासच्या वेगातल्या गाडीचा ब्रेक तेव्हा जेमतेम लागायला सुरुवात झालेली असते, म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण पन्नासने बसते. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत निघालेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे, सायकली आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा घाला, असं म्हटलं आहे. त्यामागचा हिशेब हाच आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रोज साडेचारशेहून जास्त घरं. त्यात सर्वांत मोठा वाटा मोटरसायकल आणि स्कूटरवाल्यांचा आहे. सायकलला कट मारून जाणारा मोटरसायकलवाला मला दिसतो तेव्हा हे आठवतं. सायकलस्वाराइतकाच तोही उघडा आहे. पुढच्या डंपरसमोर तोच सायकलवाला ठरतो.

डावीकडे वळणारा ट्रक

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, असं मी प्रत्येक सायकलस्वाराला सांगेन.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात उसाच्या गाड्या ज्या कोपऱ्यावरून वळतात, तिथल्या घराच्या भिंतीला लागून मोठा दगड पुरलेला आहे. तो कशासाठी, हे ट्रॅक्टर वळताना उभं राहून पाहिलं की कळतं. ट्रॅक्टर स्वतः कोपऱ्यापासून चांगला लांबून वळतो. त्यामागची पहिली ट्रॉली जरा आतून येते. दुसरी आणखी आतून, पार दगडाला चाटून. लांब वाहनाची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने रस्ता कापतात. वाहन जितकं लांब, तितकं जास्त आत.

हेच चौकात ट्रक आणि बसच्या बाबतीत होतं. डावीकडे वळायचं असलं की लांब ट्रकचा ड्रायव्हर आधी थोडा उजवीकडे घेतो, कारण त्याला मागची चाकं फुटपाथवर चढू द्यायची नसतात. डाव्या अंगाला मोकळी जागा दिसते. सिग्नलला उभा असलेला सायकलवाला त्या जागेत शिरतो. ट्रक सरळ जाणार किंवा आपल्याला वाट देतोय असं त्याला वाटतं. सिग्नल सुटतो, ट्रकचं तोंड वळतं, आणि मोकळी दिसणारी जागा मागून मिटत येते. ड्रायव्हरला तो दिसतही नाही. उंच केबिनमध्ये उजव्या टोकाला बसलेल्या माणसाला दरवाजाच्या खाली, डाव्या चाकाशी असलेली सायकल आरशात मिळणं फार अवघड असतं. म्हणून ट्रकवर क्लीनर असतो. पूर्वी तो डाव्या दारातून बाहेर वाकून हाताने दार थोपटत सांगायचा. आता कित्येक गाड्या क्लीनरशिवाय एकट्या ड्रायव्हरवर चालतात.

तेव्हा सायकलवाल्याने ट्रकच्या आणि बसच्या डाव्या कुशीत कधीच उभं राहू नये. एकतर पूर्ण मागे राहावं, नाहीतर इतकं पुढे की ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसेल. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही. ट्रकवाल्याने वळण्याआधी डावा इंडिकेटर लवकर द्यावा आणि वळण पायी चालण्याच्या वेगाने घ्यावं. या दोन गोष्टींनी जीव वाचतात.

कारच्या दाराचंही तसंच आहे. काही वर्षांपूर्वी मी पेठेतल्या एका अरुंद रस्त्यावर कार उभी केली आणि नेहमीसारखं उजव्या हाताने दार ढकललं. पेपर टाकून परतणारा एक पोरगा त्या दारावर आदळला. सुदैवाने तो हळू होता, कोपर सोलपटलं एवढ्यावर भागलं. मी आरशात बघितलं होतं की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी दार डाव्या हाताने उघडतो. डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर अख्खं अंग उजवीकडे फिरतं, आणि नजर आपोआप मागे जाते. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्याने उजवा हात वापरावा. ही सवय लागायला मला आठवडा लागला. सायकलवाल्यांनीही उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एका दाराइतकं, निदान एक मीटर, लांब राहावं.

सायकलवाल्यांच्या चुका

त्या आहेत, आणि त्या झाकून काही साधत नाही. सायकलला लायसन्स लागत नाही, त्यामुळे रस्त्याचे नियम त्याला कुणी बसवून शिकवलेले नसतात.

पहिली चूक राँग साइडची. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून ते सुरक्षित वाटतं. ताशी १५ ची सायकल आणि ताशी ४० ची कार एकाच दिशेने जात असतील, तर दोघांमधलं अंतर ताशी २५ ने कमी होतं. समोरासमोर असतील तर ५५ ने. ड्रायव्हरला विचार करायला मिळणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. शिवाय गल्लीतून बाहेर येऊन डावीकडे वळणारा माणूस उजवीकडूनच वाहतूक येणार म्हणून उजवीकडे बघत असतो. डावीकडून आलेली सायकल त्याच्या डोळ्यांत भरतच नाही. तरी राँग साइडने जाणाऱ्या प्रत्येकावर माझा राग निघत नाही. दुभाजकाला फाटा एक-एक किलोमीटरवर असेल, तर दहा तासांची शिफ्ट करून निघालेला कामगार तेवढा वळसा घालणार नाही. तिथे चूक रस्ता आखणाऱ्याचीही आहे.

दुसरी चूक दिव्याची. माझे वडील सांगतात, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस अडवायचा. डबलसीटलाही अडवायचा. तेव्हा सायकली मोजायला पोलीस पुरायचे नाहीत एवढ्या होत्या, पुणं सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. आता गाड्यांचा वेग वाढला आणि सायकलवरचा दिवा मात्र गेला. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस तीस-चाळीस मीटर जवळ आल्यावर दिसतो. ताशी ८० ने येणाऱ्या गाडीला थांबायला साठ मीटरच्या आसपास लागतात. बाकी कुणी सांगायची गरज उरत नाही. मागे लाल दिवा असावा, आणि शक्य असेल तर चमकणारी पट्टी घोट्याला बांधावी. पाठीवर लावलेली पट्टी एका जागी स्थिर दिसते. घोट्याची वरखाली होते, आणि हा पायडल मारणारा माणूस आहे हे ड्रायव्हरला लांबूनच ओळखू येतं.

उसाच्या हंगामात आमच्या भागात हाच प्रश्न उलट बाजूने येतो. बिनारिफ्लेक्टरची ट्रॉली रात्री रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असते, आणि मागून येणाऱ्याला, मग तो कारवाला असो की सायकलवाला, ती काळ्या भिंतीसारखी अचानक पुढ्यात येते. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी डकवायला फारसा खर्च येत नाही.

आणि तिसरी गोष्ट गप्पा मारत तीन-तीन सायकली आडव्या नेण्याची. सकाळी हौसेने निघणाऱ्या गटांना हे लागू आहे. दोघांनी शेजारी चालणं मोकळ्या रस्त्यावर समजू शकतो, मागे गाडी आली की एकामागे एक व्हावं.

सायकलवर कोण असतं?

हेल्मेट आणि महागडी सायकल असलेले आम्ही थोडे. बाकी सायकलवर वॉचमन असतो, औद्योगिक वसाहतीतला कामगार असतो, पेपरवाला असतो. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. गाव ते शाळा हे चार-पाच किलोमीटर त्या मुली ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने वाळूचे डंपरही जातात. त्यांच्यासाठी सायकल ही शाळा सुटणार की टिकणार याचा प्रश्न आहे. एकदा कुणी घासून गेलं आणि मुलगी पडली, तर घरचे उद्यापासून पाठवत नाहीत.

यावर वेगळा सायकल ट्रॅक हा उपाय सांगितला जातो, आणि तो हवाच. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेल्या, रस्त्यांना लागून ट्रॅक झाले, २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही झाला. पण ट्रॅकवर गाडी लावली की तो ट्रॅक राहत नाही, आणि कुठला ना कुठला चौक आला की तो संपतोच. तिथे सायकलवाल्याला परत सगळ्यांच्या रस्त्यावर यावं लागतं. म्हणून एकमेकांना वाचता येणं ही गोष्ट ट्रॅक असला तरी लागते.

त्यासाठी मी सध्या माझ्या भाचीला एक गोष्ट शिकवतो आहे. ती सातवीत आहे, पुढच्या वर्षी सायकलने शाळेत जायचं म्हणते. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून द्यायची. तिने रेघेवरून सायकल चालवायची आणि उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, पण रेघ सोडायची नाही. मान वळली की हँडल वळतं, हे वर सांगितलं. तेच इथे मोडायचं असतं. ती खरंच बघते की नुसती मान हलवते हे कळावं म्हणून मी मागे उभा राहून बोटं दाखवतो आणि ती किती ते ओरडून सांगते. उजवीकडे यायच्या आधीचं हे मागे बघणं म्हणजे मागच्या गाडीला 'येऊ का?' असं विचारणं. मग उजवा हात बाहेर. मागच्या ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की त्याचं 'ये' झालं.

पहिल्या आठवड्यात ती दर वेळी रेघेवरून दोन हात उजवीकडे जायची. परवा रेघेवरच राहिली. मी तीन बोटं धरली होती. मागे बघून झाल्यावर, परत पुढे बघत तिने ओरडून सांगितलं, "तीन! आणि मामा, तुमच्या मागून एक स्कूटर येतेय."